वाढीचा हिशेब

मराठींत एखाद्या माणसाविषयीं ‘त्याच्यांत खमीर नाहीं’ एवढें म्हटलें म्हणजे त्याची कुंडली सांगून झाली. शब्द मूळचा अरबी. फारशीच्या वाटेनें तो आपल्याकडे आला आणि पिठांतून माणसाच्या अंगांत शिरला. त्याच्या कितीतरी आधीं आपल्याजवळ ‘किण्व’ हा शब्द होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सुराध्यक्षाच्या प्रकरणीं किण्वाचीं मापें दिलेलीं आहेत. म्हणजे त्या काळच्या सरकारी अंमलदारालाहि हा पदार्थ मोजूनमापून घ्यावा लागे. परंतु तो मोजीत असे तो लगदा. त्या लगद्याचा एकेक कण हा स्वतंत्र जीव आहे, तो खातो, वाढतो आणि एकाचे दोन होतो, हें ठरावयाला एकोणिसावें शतक उजाडावें लागलें. हॉलंडांतील लेव्हेनहूकनें १६८० सालीं बियरच्या थेंबांत हे वाटोळे कण पाहिले होते. पण ते जिवंत आहेत असें त्यानें म्हटलें नाहीं. १८३७ च्या सुमारास फ्रान्समध्यें कान्यार द ला तूर आणि जर्मनींत श्वान यांनीं तसें म्हटलें, तेव्हां त्या काळच्या मोठमोठ्या रसायनशास्त्रज्ञांनीं त्यांची टर उडविली. पुढें पाश्चरनें तो वाद मिटविला. ही कथा शाळेच्या पुस्तकांतहि सांपडते, तेव्हां ती येथें लांबवीत नाहीं.

आम्हांला जें सांगावयाचें आहे तें या कथेच्या पुढचें आहे. कण जिवंत आहे आणि तो वाढतो, हें ठरलें. पण तो वाढतो कसा? जन्मल्या क्षणापासून दुभंगण्याच्या क्षणापर्यंत तो एकाच चालीनें वाढतो, कीं जसजसा मोठा होतो तसतशी त्याची चालहि वाढते, कीं मध्येंच थांबतो आणि पुन्हा निघतो? प्रश्न पोरकट दिसतो. एखाद्या चौकस मुलानें तो विचारावा आणि मास्तरांनीं ‘पुढें कळेल’ म्हणून पान उलटावें, अशांपैकीं तो आहे. प्रत्यक्षांत मात्र त्यानें साठ-सत्तर वर्षें भल्याभल्यांना झुलवीत ठेवलें आहे, आणि आजहि त्याचा निकाल सर्वस्वीं लागला असें म्हणतां येत नाहीं.

आम्ही गेलीं सत्तावीस वर्षें नागपुरांतील एका महाविद्यालयांत जीवशास्त्र शिकवीत आहों, आणि दर वर्षीं फळ्यावर तीच वक्र रेषा काढीत आहों. साखरेच्या पाण्यांत खमीर घातलें. कांहीं वेळ स्वस्थता. मग झपाट्याची वाढ. शेवटीं साखर संपली कीं विराम. रेषा खरी आहे, पण ती जमावाची आहे. नागपूरच्या खानेसुमारीच्या आंकड्यांवरून इतवारींतल्या अमुक एका मुलाची उंची कोणत्या महिन्यांत वाढली हें सांगतां यावयाचें नाहीं. त्यांतलाच हा प्रकार. चंबूंतल्या कोट्यवधि पेशींपैकीं कांहीं नुकत्याच जन्मलेल्या, कांहीं अर्ध्या वयाच्या, तर कांहीं दुभंगण्याच्या बेतांत असलेल्या असतात. त्या सर्वांची बेरीज घेतली म्हणजे एकटीची चाल कशीहि असो, सगळ्यांची मिळून वाढ चक्रवाढ व्याजानेंच होतांना दिसते, कारण दर ठराविक वेळानें एकाचे दोन होणें हेंच मुळीं चक्रवाढ आहे. जमावाचा नियम इतका ठसठशीत असतो कीं व्यक्तीचा नियम त्याच्याखालीं पार झांकून जातो. एकट्या पेशीचा नियम जाणावयाचा तर एकटीलाच धरून बसविलें पाहिजे.

हें काम ज्यानें प्रथम नेटानें केलें तो एडिंबरोचा मर्डॉक मिचिसन. जन्म १९२२, मृत्यु २०११. १९५७ सालीं त्यानें एकएकट्या पेशींच्या वाढीवरील आपला पहिला लेख प्रसिद्ध केला. त्यासाठीं त्यानें निवडलेली पेशी नेहमींच्या पावाच्या खमिराची नव्हे. ती दुसऱ्या एका जातीची आहे. पूर्व आफ्रिकेंत बाजरीसारख्या धान्याची जी बियर करतात तिच्यांतून लिंडनर नांवाच्या जर्मनानें ती १८९३ सालीं वेगळी काढली आणि स्वाहिली भाषेंत बियरला ‘पोंबे’ म्हणतात म्हणून तिचें नांव पोंबे ठेविलें. पावाच्या खमिराला अंगावर कळी फुटते; पोंबेला कळी फुटत नाहीं. ती औषधाच्या लांबट गोळीसारखी असते. तिची जाडी जवळजवळ कायम राहते, ती फक्त लांबीनें वाढते, आणि सुमारें दुप्पट लांब झाली कीं बरोबर मध्यावर पडदा घालून दोन होते. ज्याला वाढ मोजावयाची आहे त्याला याहून सोईचा प्राणी ब्रह्मदेवानेंहि करून दिला नसता. पट्टी एकाच दिशेनें लावली कीं काम झालें.

येथें एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाहीं. हा मिचिसन जे. बी. एस. हॉल्डेन यांचा सख्खा भाचा; आई नेओमी मिचिसन या नामांकित कादंबरीकार. १९५७ सालींच, म्हणजे भाचा खमिराच्या पेशी मोजीत होता त्याच सालीं, मामा इंग्लंड सोडून कलकत्त्याच्या सांख्यिकी संस्थेंत आले. पुढें ते भुवनेश्वरास गेले आणि १९६४ सालीं तेथेंच वारले. या मामांनीं १९२६ सालीं प्राण्यांच्या योग्य आकारावर एक निबंध लिहिला होता; हत्ती उंदरासारखा कां नसतो, किड्याला माणसाएवढें कां होतां येत नाहीं, याची त्यांत मोठी मौजेची मीमांसा आहे. मामानें हत्तीपासून आरंभ केला आणि भाचा मिलिमीटरच्या शंभराव्या भागावर येऊन ठेपला. घराण्याचें वळण म्हणतात तें हेंच असावें.

भाच्यानें केलें तें असें. खाद्य मिसळलेल्या आगरच्या पातळ थरावर त्यानें पेशी ठेवल्या आणि ठराविक वेळानें त्यांचीं छायाचित्रें घेतलीं. त्यांवरून आकारमान कळलें. पण आकारमान म्हणजे सर्वस्व नव्हे. पाणी पिऊनहि फुगतां येतें. पेशींतलें पाणी वगळून उरणारें द्रव्य किती, हें तिला न मारतां कसें जोखावें? त्यानें त्या वेळीं नव्यानें प्रचारांत आलेला एक सूक्ष्मदर्शक घेतला. पेशींतून पार होणारा प्रकाश बाहेरून जाणाऱ्या प्रकाशाच्या किंचित् मागें पडतो, आणि तो जितका मागें पडेल तितकें पेशींत द्रव्य अधिक. त्या मागें पडण्याचें माप हें यंत्र देतें. हा एक प्रकारें प्रकाशाचा तराजूच. त्यानें जोखून पाहिलें तेव्हां दोन मापांची साक्ष जुळेना. द्रव्य सबंध आयुष्यभर एका सरळ रेषेंत वाढत होतें. आकारमान मात्र पहिल्या तीन चतुर्थांशांत वाढे आणि शेवटच्या चौथ्या भागांत जागच्या जागीं थांबे. पेशी बाहेरून निश्चल आणि आंतून भरत चाललेली, अशी ही स्थिति.

सरळ रेषा म्हणजे काय, हें सावकाराच्या भाषेंत अधिक चांगलें कळतें. सरळ व्याजांत मुद्दल कितीहि झालें तरी दर महिन्याला तेवढीच रक्कम मिळते. चक्रवाढींत जितकें साठलें तितकें पुढचें व्याज अधिक. पेशी सरळ व्याजानें वाढते कीं चक्रवाढीनें, हा मुख्य वाद. तो मिटणें इतकें कठीण कां, याचें कारण नुसत्या अंकगणितांत आहे, आणि तें आम्ही वर्गांत सांगतों तेव्हां मागच्या बांकांवरचे विद्यार्थीहि माना वर करतात. सात मायक्रोमीटर लांबीची पेशी चौदा झाली. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. अर्धा काळ गेल्यावर सरळ व्याजानें तिची लांबी साडेदहा असेल, चक्रवाढीनें ९.९. दोहोंत जास्तींत जास्त फरक पडतो तो येथें, आणि तो फक्त शेंकडा सहा. ०.६ मायक्रोमीटर! प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला पाव मायक्रोमीटरच्या आंत आलेले दोन बिंदू वेगळे दाखवितां येत नाहींत. म्हणजे ज्या तफावतीवर सारा सिद्धांत उभा करावयाचा ती तफावत यंत्राच्या धूसरपणाच्या जेमतेम दुप्पट-अडीचपट आहे. भल्याभल्यांचीं आयुष्यें या शेंकडा सहांत गेलीं, हें कळलें म्हणजे त्यांच्याविषयीं वाटणारा आदर वाढतो.

कोणी म्हणेल, शेंकडा सहासाठीं एवढी उरस्फोड कशाला? सरळ असो नाहीं तर वांकडें, पेशी शेवटीं दुप्पट होते ना? आक्षेप दिसतो तितका बिनतोड नाहीं. दोन पेशी घ्या. एक जन्मतः सहा मायक्रोमीटरची, दुसरी आठांची. दोघींना दुभंगावयाला सारखाच वेळ मिळतो असें धरा. चक्रवाढ असेल तर पहिली बारा होईल, दुसरी सोळा. दुभंगल्यावर पुन्हा सहा आणि आठ. लहानीचा वंश लहानच राहील, मोठीचा मोठा. आणि प्रत्येक पिढींत जो थोडाबहुत कमीजास्तपणा होतो तो सांचत जाऊन कांहीं पिढ्यांनीं सारा मेळ बिघडेल. सरळ व्याज असेल, दोघीहि सात-सातच मिळवीत असतील, तर पहिली तेरा होईल, दुसरी पंधरा; मुली साडेसहा आणि साडेसात. दोहोंतलें अंतर एका पिढींत निम्मे, पुढच्या पिढींत पाव. म्हणजे जन्मतः मागें पडलेल्याला पुढें गांठतां येतें कीं नाहीं, हें या शेंकडा सहाच्या वादांत अडकलेलें आहे.

हें वाक्य आम्ही वर्गांत पुष्कळ वेळां उच्चारलें होतें, आणि प्रत्येक वेळीं तें प्रश्नपत्रिकेंतील एखाद्या प्रश्नासारखें निर्विकारपणें उच्चारलें होतें. गेल्या पौषांत आमच्या कन्येला दिवस पुरे होण्यापूर्वीं सहा आठवडे मुलगी झाली. वजन १८०० ग्रॅम. रुग्णालयांत एका काचेच्या पेटींत तिला ठेविलें होतें; तिच्या हाताचें बोट आमच्या फाउंटनपेनच्या टोपणाच्या कडीएवढें होतें. पहिल्या आठवड्यांत वजन आणखी उतरलें. तें सर्वच मुलांचें उतरतें हें आम्हांला पुस्तकावरून ठाऊक होतें. परंतु पुस्तकावरून ठाऊक असलेल्या गोष्टीचा रात्रीं दोन वाजतां फारसा उपयोग होत नाहीं, हेंहि तेव्हां कळलें.

डॉक्टर तरुण होते व मितभाषी होते. आम्हीं विचारलें, रोज किती वाढलें म्हणजे ठीक? ते म्हणाले, सध्यां किलोमागें रोज पंधरा ग्रॅम धरा. पुढें नवव्या महिन्याच्या मुलाएवढी झाली कीं मग नुसतें दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅम मोजूं. ते दुसऱ्या पेटीकडे वळले, आणि आम्ही तेथेंच उभे राहिलों. किलोमागें पंधरा म्हणजे चक्रवाढ. दिवसाला पंचवीस-तीस म्हणजे सरळ व्याज. ज्या वादांत सूक्ष्मदर्शकवाल्यांनीं सत्तर वर्षें घालविलीं त्याचे दोन्ही पक्ष या गृहस्थांनीं एका वाक्यांत वापरले होते, आणि त्यांत कांहीं विशेष आहे हें त्यांच्या गांवींहि नव्हतें. घरीं आल्यावर कागद घेऊन बसलों. अठराशेंवर किलोमागें पंधराचा दर कायम राहिला तर ४६ दिवसांत दुप्पट; पहिल्या दिवसाचे सत्तावीस ग्रॅम तेवढेच रोज मिळत राहिले तर ६७ दिवस. एकवीस दिवसांचा फरक. पेशीच्या बाबतींत शेंकडा सहा म्हणून जो हातांतून निसटतो तोच येथें तीन आठवड्यांचा होऊन समोर उभा राहिला होता.

आमच्या घरांतून या हिशेबाकडे कधीं लक्ष दिलें गेलें नाहीं. मुलगी घरीं आली त्या दिवशीं त्यांनीं तिच्या हातांत काळ्या मण्यांच्या मनगट्या बांधल्या आणि रोज न्हाऊ घालतांना दोरा किती सैल आहे तें त्या बोटानें पाहूं लागल्या. आम्ही कांटा पाहत होतों, त्या दोरा पाहत होत्या. माघाच्या शेवटीं एका आठवड्यांत दोरा हलला नाहीं. त्या म्हणाल्या, ‘‘अहो, पोर थांबली आहे हो.’’ कांटा मात्र दीडशें ग्रॅम पुढें गेला होता. आम्हीं त्यांना मोठ्या उत्साहानें मिचिसनची गोष्ट सांगूं लागलों: आकारमान थांबलें तरी द्रव्य वाढत असतें, एडिंबरोस १९५७ सालीं... एवढ्यांत आंतून कन्या म्हणाली, ‘‘बाबा, तें लेकरूं आहे. खमीर नव्हे.’’

तिचें म्हणणें खोटें नव्हतें. पेशीला आई नसते, दूध नसतें, सर्दी होत नाहीं. अर्भकाच्या अंगांत अब्जावधि पेशी असतात आणि त्यांतल्या कोणीहि आमच्या कागदावरचा हिशेब पाहिलेला नसतो. एका जीवावरून दुसऱ्यावर उडी मारणें हा आमच्या विषयांतला मोठाच दोष, आणि आम्ही विद्यार्थ्यांचे त्याबद्दल गुण कापतों. तरीहि त्या रात्रीं आम्हीं कपाटांतून एक जुना लेख काढून पुन्हा वाचला हें सांगावयास हरकत नाहीं. तो एडिंबरोच्याच पीटर फँटीसचा, १९७७ सालचा. त्यानें एकेका पोंबे पेशीची जन्माची लांबी आणि दुभंगण्याच्या वेळची लांबी टिपली होती. दिसलें असें कीं जन्मतः आंखूड असलेली पेशी दुभंगावयाची घाई करीत नाहीं. ती थांबते, अधिक वेळ वाढते, आणि इतरांच्या जवळपास आल्यावरच दुभंगते. जन्माची उणीव बहुतेक सारी त्याच एका आयुष्यांत भरून निघते. म्हणजे आमच्या वरच्या उदाहरणांत ‘दोघींना सारखाच वेळ मिळतो असें धरा’ हें जें धरलें होतें तेंच निसर्गाला मान्य नाहीं. तो घड्याळ पाहत नाहीं, माप पाहतो. व्याजाचा दर काय हा प्रश्न त्यामुळें निकालांत निघाला नाहीं. पण त्याची धार पुष्कळ बोथट झाली. मागें पडलेल्याला गांठावयाला दुसरी वाट आहे, आणि ती वाट म्हणजे अधिक वेळ घेणें.

चैत्रांत आमच्या नातीनें साडेतीन किलोंचा आंकडा ओलांडला. मनगट्या दोनदां बदलाव्या लागल्या.

पेशीला आपलें माप कळतें कसें, हा पुढचा प्रश्न, आणि त्याचें उत्तर शोधतां शोधतां एक नोबेल पारितोषिक मिळालें. पॉल नर्स हा तरुण मिचिसनच्या प्रयोगशाळेंत काम करीत असतां त्याला कांहीं पेशी नेहमींच्या निम्म्या आकाराला येऊनच दुभंगणाऱ्या अशा सांपडल्या. लहानग्याला स्कॉटिश बोलींत ‘वी’ म्हणतात, म्हणून त्या दोषाचें नांव ‘वी’. अशा पन्नासच्या आसपास पेशी त्यानें जमविल्या. सर्वांत एकच जीन बिघडलेला निघाला. मग एका शुक्रवारीं आणखी एक बशी हातीं आली. तिच्यावर बुरशी धरली होती. कंटाळून त्यानें ती टाकून दिली, घरीं गेला, जेवला, आणि मनाला लागून राहिल्यामुळें परत येऊन कचऱ्यांतून ती बशी काढली. त्या पेशींतला बिघाड निराळ्या जीनचा होता. पेशीनें दुभंगावें कीं नाहीं हें ठरविणारा मुख्य अंमलदार तोच, हें पुढें सिद्ध झालें; आणि १९८७ सालीं त्याच्याच जागीं माणसाचा तसाच जीन पोंबेच्या पेशींत घातला तर तिचें काम बिनतक्रार चालतें असें दिसून आलें. खमीर आणि माणूस यांच्यांत शंभर कोटी वर्षांचें अंतर असूनहि या एका बाबतींत दोघांची किल्ली एकच. २००१ सालचें पारितोषिक नर्स, अमेरिकेचा हार्टवेल आणि इंग्लंडचा हंट या तिघांना मिळालें. आमच्या कन्येला हें वाक्य दाखवावें असें एकदां मनांत आलें होतें, दाखविलें नाहीं.

याच शोधांत आणखी एक गोष्ट उघडकीस आली, आणि ती आम्हांला पारितोषिकाहून मोलाची वाटते: वाढणें आणि दुभंगणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कांहीं पेशींतला दोष असा असतो कीं पंचवीस अंशांच्या उष्णतेंत त्या रीतसर दुभंगतात, परंतु छत्तीस अंशांवर नेल्या कीं दुभंगणें बंद. वाढणें मात्र बंद होत नाहीं. त्या लांबच लांब होत जातात. (नागपूरच्या चैत्रांत या पेशी बर्फाच्या पेटीशिवाय एकदांहि दुभंगणार नाहींत, येथें त्यांना सदाचाच उन्हाळा.) वाढ ही दुभंगण्याची वाट पाहत बसत नाहीं, दुभंगणें मात्र वाढीची वाट पाहतें.

मिचिसननें पुढें १९८५ सालीं नर्सच्या जोडीनें लांबीची मोजणी पुन्हा केली. जन्मल्यावर पेशी फक्त आपल्या जुन्या टोंकाकडून वाढते. जें टोंक नुकत्याच झालेल्या पडद्यापासून तयार झालें तें स्वस्थ असतें. आयुष्याचा सुमारें तिसरा भाग गेला म्हणजे तें नवें टोंकहि जागें होतें आणि वाढीचा वेग एकदम चढतो. म्हणजे एक सरळ रेषा, मग अधिक चढाची दुसरी सरळ रेषा, मग शेवटीं सपाटी. सर्वांनाच हें चित्र मान्य झालें नाहीं. गुळगुळीत चक्रवाढीचे अभिमानी आंकडेशास्त्र घेऊन उभे राहिले आणि पानेंच्या पानें खर्ची पडलीं. २०२१ सालीं कॅलिफोर्नियांतील संशोधकांनीं नव्या यंत्रांनीं पाहिलें तेव्हां शेवटच्या सपाटीविषयींची मिचिसनची साक्ष खरी ठरली: लांबी थांबते, द्रव्य भरत राहतें, आणि त्यामुळें पेशी त्या काळांत दाट होते, मग दुभंगून पुन्हा वाढूं लागली म्हणजे विरळ होत जाते. चौसष्ट वर्षांनीं मिळालेला हा दाखला पाहावयाला तो राहिला नव्हता.

पावाच्या खमिराची तऱ्हा निराळी. तिच्यांत आई ओळखूं येते. आई थोडी वाढते, अंगावर कळी धरते, आणि एकदां कळी धरली कीं पुढचें बहुतेक सारें कळीला जातें. आईचा स्वतःचा आकार फारसा हलत नाहीं. कळी सुटते तेव्हां ती आईहून लहान असते, आणि स्वतः कळी धरण्यापूर्वीं तिला अधिक काळ वाढावें लागतें. हार्टवेल आणि त्याचा सहकारी उंगर यांनीं १९७७ सालीं हें असमान वांटप बारकाईनें मांडलें. ही मुलगी किती वाढलें म्हणजे पुरे हें कशावरून ओळखते? एक मत असें कीं कळी धरण्याला अटकाव करणारें एक प्रथिन तिच्यांत ठराविक मापानें घातलेलें असतें. पेशी वाढली कीं तें पातळ होत जातें, आणि पुरेसें पातळ झालें कीं अटकाव उठतो. ताकांत पाणी घालीत गेलें कीं आंबटपणा मरतो तसें. हें मत २०१५ सालीं पुढें आलें. तें पुरेसें नाहीं असें म्हणणारेहि बरेच आहेत.

प्रत्येक कळी सुटली कीं आईच्या अंगावर एक वाटोळा व्रण राहतो. त्याची कड कायटिनची असते. किड्यांचें कवच ज्याचें तोच हा पदार्थ. विशिष्ट रंग देऊन अतिनील प्रकाशांत पाहिलें तर हे व्रण कड्यांसारखे चमकतात आणि मोजतां येतात. वीस-पंचवीस कळ्यांच्या आसपास आई थकते आणि मग कळी धरीत नाहीं, हें १९५९ सालीं दोघा अमेरिकन संशोधकांनीं एकेक कळी सुईनें बाजूला करून मोजलें. आमच्या प्रयोगवर्गांत या व्रणांचा देखावा विद्यार्थिनींना विशेष आवडतो, आणि विद्यार्थ्यांना, कां कोण जाणे, मुळींच आवडत नाहीं.

आतां राहिला आमचा स्वतःचा प्रयोग. आमच्याकडे गडचिरोली जिल्ह्यांतील कुरखेड्याकडचा एक विद्यार्थी आहे. त्याच्या घरचीं माणसें मार्च-एप्रिलांत पहाटे उठून मोहाचीं फुलें वेंचतात. फुलें भिजत घातलीं म्हणजे दोन-तीन दिवसांनीं त्याची आजी मडक्याला कान लावून बसते. आंतला बारीक बुडबुड्यांचा आवाज ऐकून तयारी किती झाली तें सांगते, आणि तें चुकत नाहीं. गोव्यांतले पोदेर माडाची सूर घालून पाव फुगवीत, त्यांचेंहि असेंच असलें पाहिजे. पुढें बाजारांत तयार खमीर आलें आणि कान मागें पडले. आमच्या व्याख्यानानंतर हा विद्यार्थी म्हणाला, ‘‘सर, मडक्यांतला आवाज सगळ्यांचा मिळून येतो. एकटीचा ऐकावयाचा तर?’’ सत्तावीस वर्षांत आमच्या त्या वक्र रेषेवर याहून नेमका आक्षेप कोणीं घेतला नव्हता.

तेव्हां त्याला घेऊन आम्ही कामाला लागलों. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. तेथून मागविलेली पोंबे आमच्याकडे होती. आमचा सूक्ष्मदर्शक जुना आहे, पण भिंगें चांगलीं आहेत. त्यावर त्यानें आपल्या फोनचा कॅमेरा एका लांकडी कंसानें बसविला आणि दर पांच मिनिटांनीं छायाचित्र घेण्याची व्यवस्था केली. चाळीस पेशी धरल्या होत्या. एप्रिलची दुपार, खोलींत छत्तीस अंश, आगर एका बाजूनें सुकूं लागला, कांहीं पेशी दृष्टीच्या पातळींतून निसटल्या, कांहीं एकमेकींवर चढल्या. जन्मापासून दुभंगेपर्यंत संपूर्ण मोजतां आल्या त्या सतरा.

सतरांचीहि शेवटची सपाटी स्पष्ट दिसते. तिच्याबद्दल शंका नाहीं. सरळ कीं चक्रवाढ याबद्दल मात्र आमचे आंकडे दोन्ही रेषांच्या मधोमध पडले आहेत, आणि कोणत्याहि पक्षाला त्यांतून आधार काढतां येईल. विद्यार्थ्याला याचें वाईट वाटलें. आम्हांला वाटलें नाहीं; एडिंबरोसहि पहिल्या उन्हाळ्यांत याहून फार निराळें झालें असेल असें आम्ही मानीत नाहीं, आणि तेथें उन्हाळा तरी कसला असतो!

पाऊस लागला कीं खोली तिसांवर येईल. तेव्हां पुन्हा मोजणी करावयाची असें ठरलें आहे. पुण्याहून नवी पेशीबीजें मागविलीं आहेत. तीं येईपर्यंत तो रोज वर्ग सुटल्यावर जुन्या छायाचित्रांवर पट्टी लावून बसलेला असतो. नवें टोंक केव्हां जागें झालें तें प्रत्येक पेशीपुढें तो पेन्सिलीनें लिहितो आणि आम्हांकडे तपासावयास देतो. बहुतेक ठिकाणीं आमचें व त्याचें एकमत होतें. पांचव्या पेशीविषयीं मात्र अजून पटलेलें नाहीं. तो म्हणतो पंचेचाळीसाव्या मिनिटाला. आम्हांला पंचावन्नाव्याच्या आधीं कांहींहि दिसत नाहीं.